कंदीलवाली मागं राह्यली

रामकिसन पाटकऱ्याची चाल आष्टीच्या शिवारात लांबून ओळखू यायची. खांद्यावर फावडं, मान खाली, आन् पाय असे पडायचे की जसं पाणी मागून सुटलंय आणि याला पाण्याच्या आधी पाटाच्या शेवटाला पोचायचंय. उभी नोकरी त्यानं अशीच पाटाच्या भरावावरनं चालत काढली. दारं उघडायची, दारं पाडायची, कुणाच्या रानात पाणी पोचलं आणि कुणी चोरून पाट फोडला ते बघायचं. भराव अरुंद. दोघं जोडीनं चालायला गेले तर एक जण पाण्यात. मंग गडी पुढं आणि बाई मागं ही जी गावाची रीत, ती रामकिसनच्या अंगात हाडासारखी बसली. लग्न होऊन आली तवापासून पुष्पाबाईनं वाटेनं नवऱ्याची पाठच पाहिली.

नोकरी संपली त्या उन्हाळ्यात दोघं आष्टीचा बाजार करून भरावावरनं घरी येत होते. रामकिसन पोचला, हातपाय धुतले, ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "पाणी आण गं बद्रीची माय."

पाणी काही आलं न्हाई. बऱ्याच वेळानं शेजारच्या कचरूची बैलगाडी दारात लागली. गाडीत पुष्पाबाई, घोटा भोपळ्यासारखा सुजलेला. भराव खचला होता तिथं तिचा पाय गेला आणि ती कोरड्या पाटात पडली. तिनं हाका मारल्या होत्या.

"वारं उलटं व्हतं," रामकिसन म्हणाला.

"वारं?" कचरूनं बैल सोडता सोडता इचारलं. "आबा, सकाळपासून झाडाचं पान हालून न्हाई राह्यलं."

प्लास्टर चढलं, उतरलं, पाय बराबर झाला. घरात भांडण न्हाई, तंटा न्हाई. भाकरी गरम भेटायची, चहा वक्तावर भेटायचा. पण बाजाराच्या दिवशी रामकिसन पिशवी घेऊन दारात उभा राह्यला आणि "येती का?" म्हणाला, की ती म्हणायची, "व्हा तुम्ही फुडं. तुम्हाला सवय हाय." आणि तो गेला की कचरूच्या बायकोसंगं जीपमध्ये बसून जायची. असे दोन पावसाळे गेले. रामकिसनला दुसरं कायच नको होतं. एक डाव तिनं त्याच्यासंगं बाजाराला यावं. पण हे म्हणायचं कसं, ते काही त्याला येत नव्हतं. मंग तो बाजारातनं किडके वांगे घेऊन यायचा आणि बोलणी खायचा.

त्यांचा पोरगा बद्रीनाथ आष्टीला कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. दोन हजार चार साल असंल. क्लासमध्ये नवे कॉम्प्युटर आले, तवा त्यानं एक जुना डब्बा गोधडीत गुंडाळून मोटारसायकलवर घरी आणला.

"आबा, नुसतं ओट्यावर बसून राह्यले तं गंजून जाताल," तो म्हणाला. "ह्याच्यात एक गेम हाय. जुना हाय, आता पोरं हात न्हाई लावीत. पण तुमचं जमंल."

गेमचं इंग्रजी नाव घरात कुणाच्याच तोंडात बसलं न्हाई. त्यात एक गाव होतं, गावात पडकी गढी होती आणि गढीखाली तळघरं. एक तलवारवाला गडी तळघरात उतरून भुतंराक्षस मारायचा, वस्तू गोळा करायचा आणि वर यायचा. म्हणून घरात त्याला गढीचा गेम म्हणायचे. फावड्याच्या हाताला माऊस धरायचं शिकायला पुरा एक हिवाळा गेला. पण शिकल्यावर मात्र रामकिसननं त्या गेमची अशी पारख केली, जशी बैल घेताना करतात. दात बघायचे, खूर बघायचे, शेपटी पिरगाळायची आणि मंगच गुण आणि खोड सांगायची.

गुण म्हणशील तर आवाज. तळघरात पाणी ठिबकायचं, ते डोळे मिटून ऐकलं तरी कुठल्या अंगाला ठिबकतंय ते कळायचं. "ज्यानं हे बनवलं, त्यानं कधीतरी रिकाम्या बारवेत कान देऊन ऐकलं असंल," रामकिसन बद्रीनाथला म्हणाला. आणि तिथं फुकट कायच भेटायचं न्हाई. तलवार चालवली तर तलवारीला हात तयार व्हायचा, धनुष्य चालवलं तर धनुष्याला. एखादी वस्तू भुईवर टाकली, की कवा बी माघारी या, ती तिथंच. "आपल्या गावात देवळाबाहीर चप्पल काढून ठिवून दाखव," असं वरून ऐकवायचा.

खोडी बी होत्या. तलवारवाल्याची पिशवी एवढीशी, की दोन ढाली घेतल्या की भरली. मधली तळघरं सगळी एकासारखी एक, बनवणाऱ्यालाच कंटाळा आल्यासारखी. आणि खेळ जपून ठेवायचा तर फक्त वर येऊन, गावातल्या विहिरीपाशी. मधीच लाईट गेली की सगळं पाण्यात. आपल्या मुलखात लाईटीचा नेम न्हाई, तिथं ही खोड म्हणजे औताला जुपल्यावर बैलानं बसकण मारणं.

पण सगळ्यात मोठी खोड होती कंदीलवाली. त्या गावातली एक बाई हातात कंदील घेऊन तलवारवाल्याच्या मागं तळघरात उतरायची. ती लढायची न्हाई. तिच्या उजेडात मात्र कोपऱ्यातल्या पायऱ्या, भिंतीतली दारं दिसायची. आता रामकिसन भूत दिसलं की निघालाच. कंदीलवाली कुठल्या तरी खांबाला अडकायची, भिंतीला नाक लावून जागच्या जागी चालत राह्यची, आणि अंधारातनं काहीतरी येऊन तिला मारून टाकायचं. एकदा मेली की मेली. मंग ती पायजे तर विहिरीपासनं पुन्हा सुरू.

"गेली," एका दुपारी मागून आवाज आला.

पुष्पाबाई उंबऱ्यात सूप घेऊन दाळ निवडत बसली होती. गेमबद्दल ती पहिल्यांदा बोलली.

"बिनडोक हाय ती," रामकिसन वैतागून म्हणाला. "खांबाला डोकं लावून उभी राह्यती."

"बराबर हाय आबांचं," बद्रीनाथ जेवता जेवता म्हणाला. "जुन्या गेमात हे असंच राह्यतं. वाट शोधायची अक्कलच घातली न्हाई तिच्यात."

"न्हाई घातली, मान्य," पुष्पाबाई म्हणाली. "पण कंदील मागं राह्यला तं फुडं अंधार व्हतो ना? अंधार झाला तरी तुमचा गडी वळून कामून बघत न्हाई?" तिनं सुपातला खडा अंगणात भिरकावला. "का तिथं बी वारं उलटं हाय?"

बद्रीनाथला एकदम क्लासची आठवण झाली. ताट तसंच ठेवून त्यानं मोटारसायकलला किक मारली. रामकिसन त्या दिवशी पुन्हा कॉम्प्युटरपुढं बसला न्हाई. गोठ्यात जाऊन उगंच म्हशीच्या खुट्याची दोरी सोडून बांधत राह्यला.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथनं बाहेर गाठून सांगितलं, "आबा, तिला सोडून द्या. पहिल्याच तळघरात मरू द्या. तिच्याबिगर बी गेम संपतो, जल्दी संपतो. आमचे पोरं तसंच करायचे."

"पोरांचं पोरांपाशी," रामकिसन म्हणाला. "मी तिला घेऊनच जाईन."

मंग त्यानं चाल बदलायचं मनावर घेतलं. एक दार ओलांडायचं, थांबायचं, कंदील दिसला की पुढचं दार. ऐकायला सोपं. पण भूत समोर आलं की हात आपोआप धावायचा. उभ्या जन्माची चाल ती, एवढ्याशा माऊसनं कशी सुटंल? दोन-तीन दिवस कंदीलवाली सारखी मरत राह्यली. पुष्पाबाई उंबऱ्यातनं बघायची, सुस्कारा टाकायची. आणि एका दुपारी तिनं सूप उचललं आणि खुर्चीपाशी आणून बसली.

"थांबा," ती म्हणाली.

रामकिसन थांबला.

"आली. आता व्हा फुडं." मंग पडद्याकडं बघून, "अगं बये, त्या खांबाच्या डाव्या अंगानं ये की! इकडं कुठं चालली? थांबा हो, राह्यली ती."

"थांबलोय ना."

"असे थांबता व्हय? चुळबूळ चालू हाय नुसती. पार उभे राहा."

दाळ कुकरात शिजायची राह्यली आणि सुपातच पडून राह्यली. लाईट कवा येणार याची पंचाईत आता रामकिसनपेक्षा पुष्पाबाईलाच जास्ती. कचरू ताक न्यायला आला तर त्याला हे दोघं एका पडद्याला डोळे लावून बसलेले दिसले.

"काकू, म्हैस वरडू राह्यली तिकडं!"

"वरडू दे. आम्ही तळघरात हाव."

एका दुपारी ते खालच्या तळघरापर्यंत पोचले, कंदीलवाली ठणठणीत, आणि लाईट गेली. पडदा काळा झाला. रामकिसननं कपाळाला हात लावला.

"जाऊ द्या," पुष्पाबाई म्हणाली. "पोचल्ती ना? मंग उंद्या बी पोचंल."

आणि पोचली. शेवटचा राक्षस निघाला अगदीच मऊ. एवढी सगळी तळघरं उतरून आल्यावर तो चार घावांत आडवा पडला, ही बी एक खोडच. कंदीलवाली तलवारवाल्याच्या मागं उभी होती. मंग काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या, आणि गेम पुन्हा पहिल्या पानावर.

"एवढंच?" पुष्पाबाईनं इचारलं.

"एवढंच."

"आन् ती घरी गेली का न्हाई?"

"ते न्हाई दाखवलं."

"ही लई मोठी खोड हाय," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

पुढच्या बाजाराला रामकिसन पिशवी घेऊन दारात उभा राह्यला. "येती का?" हे शब्द ओठावर आले, पण या डावाला "व्हा तुम्ही फुडं" ऐकायची त्याच्यात ताकद नव्हती. तो पिशवीची घडी घालत, उकलत राह्यला. पुष्पाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, ओट्याखालून चपला काढल्या आणि पायात घातल्या.

"चला की. का लाईट यायची वाट बघू राह्यले?"

भरावाला लागले तसा तो तिथं थांबला.

"तू व्हय फुडं."

"मी?"

"मागून मला दिसती तू."

पुष्पाबाईनं त्याच्याकडं जरा बघितलं आणि पुढं झाली. पण रामकिसनच्या पायाला हळू चालायचं म्हाईतच न्हाई. थोडं गेले की त्याचा पाय तिच्या टाचंवर.

"टाच तुडवता व्हय?"

"चुकलं."

जरा पुढं गेले आणि पुन्हा तेच. तिसऱ्या डावाला चपलेचा अंगठाच तुटला. पुष्पाबाई पाटावरच्या मोरीच्या कठड्यावर बसली. तेवढ्यात कचरूची गाडी खालच्या वाटेनं निघाली. त्यानं मान वर करून बघितलं.

"काय आबा, आज काकू फुडं? पाटाला पाणी उलटं सुटलं का काय?"

"तू हाक तुझी गाडी," रामकिसन म्हणाला.

पुष्पाबाईनं बांगडीतली पिन काढून दिली. तो खाली उकिडवा बसला, चप्पल मांडीवर घेतली, अंगठा ओढून पिन बसवली, हातानं दाबून बघितली आणि चप्पल तिच्या पायापुढं ठेवली. तिनं पाय घालून जमिनीवर दोनदा आपटून पाहिला.

"आपण पोचंस्तोर बाजार उठंल," ती म्हणाली.

"उठू दे."

"तुमचं काय जातं, वांगे तं किडकेच आणायचे." ती उठली. "आता जरा दूर चाला. टाच सोलून निघाली माझी."

रामकिसननं तिला चार पावलं जाऊ दिलं. भराव खचलेला होता त्या जागी ती थांबली, वळून बघितलं, आणि तो दिसला तशी पुढं निघाली.