मापाचं गाणं

साउंडकाकांना संगीत कुणी शिकवलं नव्हतं. तरुणपणी ते एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. ऑर्केस्ट्रा मोडला, कीबोर्ड घरी आला, आणि पुढे कधीतरी त्याच्या शेजारी एक कॉम्प्युटर येऊन बसला. तेव्हापासून घरातल्या आतल्या लहान खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या टेकवून, ते लोकांना गाणी करून देत आले. शाळेची गाणी, नाचाचे ट्रॅक, दुकानांच्या जाहिराती, कुणाच्या आजीने नातवासाठी म्हटलेलं गाणं. आजीचा सूर हलला तरी काका तो इतका अलगद जागेवर बसवायचे की ऐकून आजीलाच वाटायचं, आपण बऱ्यापैकी गातो की. साउंडकाका हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलं होतं आणि ते असं चिकटलं की बँकेतला कारकूनही त्याच नावाने हाक मारायचा.

बाहेरच्या खोलीत काकूंचं शिलाई मशीन होतं. मधे एकच भिंत. काकांना रेकॉर्डिंग करायचं असलं की ते भिंतीवर दोनदा टकटक करत आणि मशीन थांबे. तेवढ्या वेळात काकू काजं करून घेत, बटणं लावून घेत. काम झालं की पुन्हा टकटक, की मशीन सुरू. या टकटकीवर दोघांचा संसार बिनबोभाट चालला होता. भांडण झालं तरी टकटक चुकत नसे, फक्त जरा जोरात होई.

काकांच्या कामाची शिस्त मोठी कडक. खोलीत पसारा कितीही असो, कॉम्प्युटरमध्ये नाही. ताल लाल रंगात, गाणाऱ्याचा गळा पिवळ्या, बाकी वाद्यं निळ्या. प्रत्येक ट्रॅकला नाव, प्रत्येक फाइलला नाव आणि तारीख. 'फायनल' असं नाव द्यायला सक्त मनाई, कारण फायनल म्हटलं की हमखास कुणीतरी बदल सांगायला येतं. मोठा बदल करायच्या आधी फाइल नव्या नावाने सेव्ह करायची, जुनीला हात लावायचा नाही. नवं वाद्य घालण्याआधी आहे त्यातलं काय काढता येईल ते बघायचं. आणि कान दमले की उठायचं. हे सगळं ते भेटेल त्याला सांगत, न विचारता सांगत. दूधवाल्यालाही एकदा सांगून झालं होतं. तो बिचारा मान डोलवत उभा राहिला.

पण शिस्तीतली मुख्य गोष्ट वेगळीच होती. तिला ते मापाचं गाणं म्हणत. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी केलेला एक ट्रॅक होता, त्यांच्या मते आयुष्यात एकदाच सगळं जिथल्या तिथे बसलेला. गळा समोर, ताल पोटात जाणवेल इतका, आणि वर खुळखुळ्याची बारीक नक्षी. नवं काही केलं की ते आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घेत आणि मग नवं गाणं या गाण्याशेजारी लावून ऐकत. जे कमी ते वाढव, जे जास्त ते उतरव. वाण्याकडे वजनं असतात तसं हे त्यांचं वजन. त्याच्या भरवशावर ते कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवून सांगू शकत, 'माझ्याकडून गेलेला आवाज चोख असतो.'

तर यंदा नाचाच्या बाईंनी त्यांना वार्षिक कार्यक्रमाचा ट्रॅक सांगितला होता. बाईंचा क्लास मोठा, मुली लहान, आणि मुलींचे ड्रेस शिवायला काकूंकडेच आलेले. म्हणजे एकाच घरातून नाच बाहेर पडणार होता, आवाजासकट. काकांनी जीव ओतून ट्रॅक केला, मापाच्या गाण्याशी ताडून पाहिला, समाधानाने पाठवला. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला.

"काका, रागावू नका. मुली तालमीत कान झाकतात हो."

"तुमच्या हॉलचे स्पीकर बघून घ्या," काका म्हणाले. रागावू नका म्हटल्यावर ते हटकून रागावत. "माझ्या मिक्समध्ये तसं काही नाही."

बाई बऱ्या बोलाच्या. 'बघते' म्हणून त्यांनी फोन ठेवला. पण काकांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ते स्वतःचा लहान स्पीकर पिशवीत घालून हॉलवर गेले आणि त्यावर ट्रॅक लावला. खुळखुळा सुरू झाला तशी पहिल्या रांगेतल्या दोन मुलींनी कानांवर हात नेले. काका कान देऊन ऐकत होते. त्यांना सगळं गोडच लागत होतं. उलट थोडं दबकंच वाटत होतं. बाईंनी मुलींना हात खाली घ्यायला सांगितलं. मुलींनी ऐकलं, पण चेहरे कसनुसे करून उभ्या राहिल्या.

घरी येऊन त्यांनी कॉम्प्युटर लावला. कान खोटं बोलला तरी पडदा बोलत नाही, हे त्यांचंच वाक्य. पडद्यावर आवाजाचा आलेख असतो, जाड आवाज डावीकडे, बारीक उजवीकडे. ट्रॅकचा आलेख उजवीकडे भिंतीसारखा उभा होता. काकांनी मापाचं गाणं लावलं. त्याचाही तसाच. मग त्यांना आठवलं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मापाचं गाणं त्यांना मंद वाटलं होतं. नवा कॉम्प्युटर आला होता, त्यांना वाटलं फाइल आणताना काहीतरी बिघडलं. म्हणून त्यांनी वरचे बारीक आवाज जरासे उचलले आणि शिस्तीप्रमाणे नव्या नावाने सेव्ह केलं. पुढे काही महिन्यांनी पुन्हा मंद वाटलं. तेव्हा त्यांनी हेडफोनला दोष दिला आणि पुन्हा जरासं उचललं. मग आणखी एकदा. जुन्या फाइलला हात लावायचा नाही हा नियम असल्यामुळे सगळ्या फाइली जागच्या जागी होत्या. काकांनी त्या एकापाठोपाठ एक पडद्यावर घेतल्या. प्रत्येकीचा उजवा खांदा आधीचीपेक्षा वर. गाणं कधीच मंद झालं नव्हतं. कान मंद होत गेला होता, आणि काका त्या कानाच्या मापाने माप बदलत गेले होते. आणि त्या मापाने दोन वर्षं गावभर आवाज दिला होता.

त्यांनी भिंतीवर टकटक केली नाही. नुसतीच हाक मारली. काकू गळ्यात मापाची टेप घालूनच आत आल्या.

"काही ऐकू येतंय का सांग," काका म्हणाले आणि त्यांनी एक साधा सूर लावला, हळूहळू बारीक होत जाणारा. पडद्यावर रेघ उजवीकडे सरकत होती. अर्ध्यावर काकांच्या कानातून सूर निघून गेला. रेघ चालूच होती. काकूंनी तळहात कानावर ठेवला.

"बंद करा ते. दाढेत कळ येतेय."

काकांनी बंद केलं. काकू जवळच्या स्टुलावर बसल्या.

"मला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या. "माझं मशीन कुरकुरायला लागलं की तुम्ही आतून तेलाची बाटली घेऊन यायचात. मी हाक मारायच्या आधी. गेली दोन वर्षं मीच तेल घालतेय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? रोज सकाळी चहाचा कप घेऊन गुणगुणत या खोलीत शिरता. म्हटलं, चाललंय तोवर चालू दे." काकूंनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. "चुकलं माझं. पण तुमचं गुणगुणणं बंद पडलेलं मला बघवलं नसतं."

काकांना खूप राग यायला हवा होता. तो आला नाही. त्यांना नुसतं वाईट वाटलं, आणि ते स्वतःपेक्षा तिच्यासाठी जास्त वाटलं. दोन वर्षं ही बाई एकटीच हे ओझं घेऊन शिवत बसली होती.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयाबरोबर गेलेलं परत येणार नाही. बोलणं ऐकायला यंत्र देता येईल, गाण्याला मात्र त्याचा पूर्वीसारखा उपयोग नाही. घरी परतल्यावर काका दारातच म्हणाले, "बाईंना फोन करतो. दुसरा कुणी बघा म्हणतो. हे काम आता मला झेपणार नाही." आणि काकूंना कळलं की हा एका ट्रॅकचा प्रश्न नाही. आज हे काम परत गेलं तर उद्या कॉम्प्युटरवर चादर पडणार, आणि मग हा माणूस दिवसभर खिडकीशी बसून राहणार.

"फोन करा. पण आधी एकदा मला बसवून ऐकवा."

"तुला गाण्यातलं काय कळतं?" काका म्हणाले. हे ते लग्न झाल्यापासून म्हणत आले होते, गमतीने, आणि काकूही गमतीनेच घेत.

"गाण्यातलं नाही कळत," काकू म्हणाल्या. "टोचतं ते कळतं. जन्मभर लोकांच्या अंगावर टाचण्या लावल्यात."

बसल्या. पहिला तास वाया गेला. काका विचारायचे, "कसं वाटतंय?" काकू म्हणायच्या, "छान." बदल केला, "आता?" "आता पण छान." काका वैतागले. मग त्यांच्या लक्षात आलं की प्रश्नच चुकतोय. त्यांनी ट्रॅकचा लहानसा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत ठेवला आणि विचारलं, "कशासारखं वाटतंय ते सांग."

"नवं कापड टराटरा फाडल्यासारखं."

काकांनी पडद्यावर तो भाग शोधला आणि थोडा उतरवला. "आता?"

"आता कात्रीने कापल्यासारखं. अजून थोडं."

"आता?"

"आता ठीक. आता कापड अंगावर येत नाही."

कामाला तोंड लागलं. काका डोळ्यांनी जागा धरायचे, काकू कानांनी. मधेच काकांना शंका आली. "तो खुळखुळा येतोय ना नीट?"

"कुठला खुळखुळा?"

"अगं, तोच तर वर वाजतोय सगळीकडे."

"तो मघाशीच गेला. मला वाटलं तुम्हीच काढलात." काका कपाळाला हात लावून बसले, आणि मग दोघंही हसत सुटले. काकूंना जे जे टोचलं ते ते उतरवता उतरवता गाणं पार मऊ पडलं होतं. काकांनी सगळ्यात जुनं, खरं माप काढून दिलं आणि समजावलं, खुळखुळा टोचता कामा नये, पण नाहीसा झाला तर मुलींचे पाय जड पडतील. काकूंनी मापाचं गाणं डोळे मिटून ऐकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या ते पुरतं ऐकत होत्या.

"हे चांगलं केलंय हो तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या.

काकांनी उगाचच फाइल सेव्ह केली.

खुळखुळा जागेवर आला आणि ट्रॅक पुन्हा बाईंकडे गेला. या वेळी नाचाच्या बाईंचा फोन त्याच दिवशी आला. तालीम सुरळीत झाली, एकाही मुलीचा हात वर गेला नाही. काकांनी घसा साफ केला.

"बाई, एक सांगायचं होतं. वरचे बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत आता. तुमच्या हॉलच्या स्पीकरचा काही दोष नव्हता. हा ट्रॅक आम्ही दोघांनी मिळून केलाय. पुढच्या वेळी दुसरा कुणी बघायचा असला तर खुशाल बघा."

"काका," बाई म्हणाल्या, "दोन माणसांचं काम मला एका फोनमध्ये मिळत असेल तर मी दुसरीकडे कशाला जाऊ? फक्त काकूंना गाण्यात फार गुंतवू नका. सहा ड्रेसांच्या बाह्या राहिल्यात."

काकांनी फोन ठेवला आणि काकूंना बाह्यांचा निरोप दिला. काकू उठल्या नाहीत. त्या हातातल्या टेपकडे बघत होत्या.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"माझा आवाज कसा येतो तुम्हाला?"

काकांनी जन्मभर लोकांचे आवाज होते त्याहून बरे करून दिले होते. आताही एखादं गोड उत्तर देणं त्यांना जड नव्हतं. त्यांनी दिलं नाही.

"जरा झाकल्यासारखा येतो," ते म्हणाले. "स, श, च निम्मेच लागतात. पण तू कशी बोलतेस ते मला पाठ आहे ना. कमी पडलं ते मी मनानेच भरून घेत होतो बहुतेक. म्हणून तर मला काही गेलंय हे कळलंच नाही."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मग स्टूल उचललं, काकांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असं ठेवलं, आणि त्यावर नीट बसल्या.

"आता माझ्या तोंडाकडे बघा," त्या म्हणाल्या. "मनाचं काही भरायचं नाही. दिवसभरात काय काय झालं ते सगळं सांगते."

आणि त्यांनी अगदी सकाळपासून सुरुवात केली.