दाजींनी बाहियाहून आणलेली मूठ

करणी, दृष्ट, ताईत... माझा यातल्या कशावरच विश्वास नव्हता. इंदापूरच्या बाजारात पोत्यावर बसून जुनी चांदी घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने बारामतीत दुकान टाकलं, ते फक्त काट्यावर विश्वास ठेवून.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमचे दाजी मालवाहू जहाजावर होते. ती नोकरी त्यांना लागावी म्हणून मी दारोदार फिरलो होतो. ब्राझीलमधल्या बाहियातून त्यांनी आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, कमरेचा चांदीचा जुना छल्ला आणला – त्याला मासा, डाळिंब, किल्ली आणि बोटांच्या फटीतून अंगठा काढलेली बंद मूठ. मला आणला लायटर. असो.

आक्का सांगायची, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या बायकांचा हा दागिना. कमाईतून त्या एकेक नग जोडायच्या, कुणी त्यावर स्वतःची सुटकाही विकत घ्यायची. डाळिंब लेकरांसाठी, मूठ वाईट नजरेसाठी.

दोनदा पोट रिकामं झाल्यावर कमलला, माझ्या बायकोला, सातवा लागला होता. डॉक्टरांनी बारामतीच्या दवाखान्यात झोपवून ठेवलेलं. आक्का सांगवीहून आली, छल्ल्यातली मूठ काढून माझ्यापुढे धरली. दाजींचं फुकट मला नको होतं. सवयीने मुठीच्या मनगटावर कानस फिरवून चांदी बघितली, भाव पाडला आणि नोट आक्काच्या हातात कोंबली.

“बापू, ही इकत घ्यायची नसती. दिली तरच राखती, आसं ह्यास्नी तितल्या म्हातारीनं सांगितलंय.”

“दाजींना सांग, उपकार नकोत.”

“घ्या की तशीच,” कमल म्हणाली. “का आता आक्कांनाबी काट्यावर बसवताय?”

मी ऐकलं नाही. मूठ काळ्या दोऱ्यात ओवून कमलच्या कमरेला बांधली.

सकाळी दोरा होता, गाठही तशीच... मूठ नव्हती. गादी झाडली, आयाबाईवर ओरडलो. दुपारच्या एसटीने आक्का आली. तिच्या कमरेच्या छल्ल्यात मूठ लटकत होती – मनगटावर माझ्याच कानशीचा ओरखडा! मी बोट दाखवलं तेव्हा कुठे तिने पाहिलं. रात्रभर ती सांगवीत होती.

तेवढ्यात कमलला कळा सुरू झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी हात पसरला.

“आक्का, दे.”

तिने दिली. मी बांधली. मग मला बाहेर काढलं. बंद दारापुढे कुणाशी घासाघीस करणार?

मूल राहिलं नाही.

फुकट घेतलं नाही, हा काय गुन्हा झाला? दाजींशी कडकडून भांडलो. पण मूठ परत कशी गेली, ते त्यांनाही सांगता आलं नाही, आणि मलाही अजून कळलेलं नाही. कमलने ती कमरेची काढलेली नाही. दोरा झिजला की मीच बदलतो. मूठ मात्र त्या दिवसापासून जागची हलत नाही.