फडकं मारलेला शॉकअप

दसऱ्याच्या सकाळी मोटरसायकल धुऊन ठेवली, तरी पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ पुन्हा आलाच. आतलं सील फाटलंय. बाबा म्हणाले, "फडकं मार आणि घाल हार. सणाच्या दिवशी कुठलं गॅरेज?" सण नसतो तेव्हाही ते फडकंच मारायला सांगतात. मी पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. नारळ फोडेपर्यंत हाराचं लोंबतं टोक तेलाने काळं झालं होतं.

आमच्या घराचा या फडक्यावर फार विश्वास. माझी धाकटी बहीण सुमन परवा सासरहून एकटीच आली, दंडावर काळेनिळे वळ घेऊन. आईने तिला लांब बाह्यांचं ब्लाउज काढून दिलं आणि म्हणाली, "डोळे पूस. लोक सोनं द्यायला येतील." लोक आले. सुमनने हसत सगळ्यांना आपट्याची पानं दिली. कुणाला काही दिसलं नाही. दिसू नये, एवढीच आमच्याकडची दुरुस्ती.

संध्याकाळी लोक गेल्यावर बाबा मला म्हणाले, "सणाला पोरगी सासरीच बरी दिसते. सोडून ये तिला." मी किल्ली घेतली. सुमन मागे बसली. गावाबाहेरच्या गतिरोधकावर पुढचं चाक खाडकन आदळलं.

"दादा, आतलं तेल सगळं संपलं ना, की गळायचं आपोआप थांबेल," ती म्हणाली. "मग बाबा म्हणतील, बघ, झालं की नाही नीट?"