वाऱ्याची ओहोटी

पाणी ज्याने निर्मिले त्याचे स्मरण करून बदरुद्दीन तांडेल यांची कथा सांगायला घेतो. बाणकोटच्या खाडीकाठचा हा माणूस. बाप होडीवर, आजा होडीवर. बदरुद्दीनभाई चालायला शिकले तेही होडीतच, असे त्यांच्या गावात सांगत. पन्नास साल उजाडण्याच्या सुमारास मुंबईहून आगबोटीने ते कुवेतला उतरले. तेव्हा कुवेतात तेल होते, गोडे पाणी नव्हते. ते उत्तरेकडच्या शत्त-अल-अरब नदीतून लाकडी गलबतांत भरून आणावे लागे. त्यांना अशाच एका गलबतावर काम मिळाले. खाऱ्या समुद्रावरून गोडे पाणी वाहायचे आणि तहानलेल्या शहराच्या ओठी लावायचे! ते त्याला सवाब म्हणत, मी पुण्य म्हणतो. ज्याची तहान भागली त्याने कधी फरक विचारला नाही.

त्या नदीने त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली. तिचे पाणी गोडे, तरी तिला भरती-ओहोटी होती. खालून समुद्र रेटा देई आणि गोडे पाणी खजुरीच्या बागांत चढे. समुद्र माघार घेई आणि पाणी पुन्हा पात्रात उतरे. बाणकोटला खाडी, इथे नदी. चंद्र एक, नियम एक. बदरुद्दीनभाईंच्या मनात हे वेदवाक्यासारखे बसले, की पाणी जाते आणि गेलेले पाणी परत येते. जे आपल्याला पक्के ठाऊक असते, त्याची परीक्षा आपण घेत नाही. घात तिथेच होतो.

पुढे कुवेतात समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना आला. पाण्याची गलबते किनाऱ्याला लागली ती लागलीच. बदरुद्दीनभाईंना अहमदीच्या तेलकंपनीतल्या साहेब लोकांनी आपल्या मासेमारीच्या मंडळावर होडीवाला म्हणून घेतले. ही मासेमारी पोटासाठी नव्हती, छंदासाठी होती. दर हिवाळ्यात साहेब मंडळी सरहद्द ओलांडून उत्तरेला बसऱ्याच्या बाजूला जात, हमारच्या अफाट सरोवरावर. मैलोगणती उथळ गोडे पाणी, त्यात माणसाहून उंच बोरूची राने, आणि खाली गत्तान नावाचा दांडगा मासा. साहेबांचा नियम कडक होता. ज्याच्या गळाला मासा लागला त्यानेच तो ओढायचा. दुसऱ्याचे बोट जरी दोरीला लागले, तरी मासा बाद.

या छंदाची लागण गफूरला झाली. गफूर म्हणजे बदरुद्दीनभाईंची पत्नी झुलेखा हिचा धाकटा भाऊ, साहेबांच्या खाणावळीत स्वयंपाकी. आईबाप लवकर गेलेले. झुलेखाने त्याला आपल्या हाताने भरवून वाढवला होता; तो तिला आपा म्हणे. कुवेतातल्या सालमियाच्या भाड्याच्या खोलीतून निघताना प्रत्येक वेळी ती नवऱ्याला एकच सांगे, "त्याला जसा नेता, तसा आणा."

पंचावन्न सालचा फाल्गुन होता. सरोवराच्या दक्षिण काठावर तंबू ठोकून झाले होते, साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. गफूर मागे लागला.

"भावजी, एकच फेरी. उद्या साहेब आले की मला गळ कोण देतंय? कांदे देतील सोलायला."

"हा गळ तरी कुणाचा?"

"गळ साहेबाचा. मासा अल्लाचा. मधल्या मधे आपला काय गुन्हा?"

बदरुद्दीनभाई हसले आणि त्यांनी होडी सोडली. दक्षिणेचा वारा पाठीला होता. बोरूच्या रानातल्या एका अरुंद वाटेने ते बरेच आत गेले, आणि तिथे गफूरच्या गळाला असा हिसका बसला की काठी धनुष्यासारखी वाकली. मासा धावला, वळला आणि दोरी बोरूच्या एका बेटाला गुंडाळून बसला. बदरुद्दीनभाईंनी ती सोडवायला हात पुढे केला.

"हात लावू नका! बाद होईल!"

"अरे, इथं बघतंय कोण?"

"मी बघतोय ना!" म्हणत गफूरने काठी उचलली आणि बेटावर पाऊल टाकले.

बेट हलले. बोरू मोडल्याचा आवाज झाला आणि काळे रानडुक्कर बाणासारखे बाहेर आले. त्याने एकदाच मान उडवली आणि पाण्यात उडी घेऊन ते पलीकडच्या रानात नाहीसे झाले. गफूर खाली बसला होता. त्याची मांडी सुळ्याने उभी चिरली होती.

बदरुद्दीनभाईंनी त्याला उचलून होडीत निजवले. डोक्याचे फडके सोडून जखमेच्या वर बांधले, गळाच्या काठीचा तुकडा मोडून फडक्यात घातला आणि पीळ दिला. रक्त मंदावले. गफूरचा चेहरा पिठासारखा झाला होता, पण जीभ गफूरचीच होती.

"भावजी, आपाला सांगू नका डुकरानं मारला म्हणून."

"मग काय सांगू?"

"बैल सांगा. निदान हलाल जनावर तरी होईल."

"गप पड. बोलू नको."

ते वल्ह्याला बसले, आणि वल्हे चिखलात रुतले. ज्या वाटेने होडी तरंगत आली होती, तिथे आता ओला चिखल चमकत होता. पाणी गेले होते.

आता ऐका, चूक कुठे झाली ती. दुसरा कोणी असता तर घाबरून तेव्हाच होडी ओढू लागला असता. बदरुद्दीनभाई घाबरले नाहीत. खाडीच्या माणसाचा धर्म त्यांना ठाऊक होता. रुतलेली होडी ढकलायची नाही. तळ फाटतो आणि माणूस कमरेपर्यंत चिखलात जातो. ओहोटी लागली म्हणजे भरती येणार. त्यांनी चंद्राची तिथी मोजली, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "दुपार कलायच्या आत पाणी येईल. मग वल्ह्याची पण गरज नाय, आपोआप उचलेल." पाण्याच्या कडेला त्यांनी बोरूची एक काडी रोवली, जशी बाणकोटला रोवतात, आणि तिच्याकडे पाहत बसले.

फडक्याचा पीळ मधूनमधून सैल करावा लागे, नाहीतर पाय मेला असता. आणि सैल केला की रक्त पुन्हा वर येई. पाय राखावा तर प्राण जातो, प्राण राखावा तर पाय जातो. एका हातात पीळ, ओठांवर कलमा, डोळे त्या काडीवर. पाणी काडीपासून दूर गेले. आणखी दूर गेले. भरतीची वेळ झाली. भरती आली नाही. भरतीची वेळ टळली. वारा तेवढा वाढला. गफूरचे बोलणे तुटक झाले, मग नुसते हुंकार राहिले.

इतक्यात वारा क्षणभर पडला. बोरूचे शेंडे सरळ झाले, आणि त्याच क्षणी चिखलावरून पाण्याची पातळ जीभ काडीकडे सरकली. बदरुद्दीनभाई उठून उभे राहिले. वारा पुन्हा सुटला. बोरू वाकले, आणि पाणी मागे फिरले.

आता त्यांना उमगले. हे पाणी चंद्राचे नव्हते, वाऱ्याचे होते. दक्षिणेचा वारा त्या उथळ सरोवराला ताटातल्या कढीसारखे उत्तरेकडे कलंडवत होता, आणि तो वारा फाल्गुनात कित्येक दिवस पडत नाही. ज्याची ते वाट पाहत होते ते येणारच नव्हते. आणि वाट पाहता पाहता पाणी कितीतरी लांब गेले होते. सरहद्दीवर तंटा होऊन त्या सहली थांबेपर्यंत पुढे ते बरीच वर्षे तिथे जात राहिले, पण काठावरच्या म्हशीवाल्याला वारा विचारल्याखेरीज त्यांनी होडी कधी पाण्यात घातली नाही.

"भावजी... भरती?"

"इथं भरती नाय, गफूर. माझा हिशेब चुकला."

गफूरने डोळे उघडले. "मंजे मी मासा सोडला तो फुकटच."

बदरुद्दीनभाईंनी वल्ही, पेटी, नांगर, जे होते ते बाहेर फेकले. फक्त लांब बांबू ठेवला. बोरू उपटून होडीपुढे आडवे अंथरले, दोर कमरेला बांधला आणि ओढले. होडी हलली नाही. त्यांनी दयाळू परमेश्वराचे नाव घेतले आणि पुन्हा ओढले. होडी वीतभर सरकली. मग पुन्हा बोरू, पुन्हा दोर, पुन्हा नाव. चिखल मांड्यांपर्यंत चढला. तोडलेल्या बोरूचे खुंट चिखलाखाली सुऱ्यांसारखे उभे होते. ते तळव्यांत शिरत, गुडघ्यांत शिरत. मध्येच थांबून ते होडीत वाकत, पीळ सैल करत, पुन्हा आवळत. "बोल रे," ते म्हणत, "शिवी दे, पण बोल." गफूर एकदा पुटपुटला, "आपाच्या नवऱ्याला शिवी कशी देऊ?" पुढच्या वेळी तो पुटपुटला नाही.

नाळ, होडीचे पुढचे टोक, अखेर पाण्याला लागली. होडी तरंगली, पण तंबू दक्षिणेला आणि वारा दक्षिणेचा. बांबूने ते दोन हात पुढे रेटत आणि वारा त्यांना तीन हात मागे नेई. हातांतले बळ सरले होते. तेव्हा त्यांना आपल्या गावची रीत आठवली. तुफान आले, पटकी आली, की कोकणातले मुसलमान नमाजाची वेळ नसताही अजान देतात. माणसाचे उपाय संपले, आता तू ये, असे देवाला सांगतात. बदरुद्दीनभाई होडीत उभे राहिले, कानांवर चिखलाचे हात ठेवले आणि त्यांनी अजान दिली.

ज्या वाऱ्याने पाणी नेले, त्यानेच तो आवाज उचलला आणि बोरूच्या रानावरून उत्तरेला नेला. तिकडे दोघे जण बोरू तोडत होते. अजान ऐकून त्यांनी सूर्याकडे पाहिले, एकमेकांकडे पाहिले आणि आपली निमुळती होडी आवाजाच्या दिशेने वळवली.

"ही कोणत्या वेळची अजान?" जवळ येत दोघांतल्या म्हाताऱ्याने अरबीत विचारले.

"अडल्या वेळची," बदरुद्दीनभाई म्हणाले, आणि त्यांनी बाजूला होऊन गफूरला दाखवले.

त्या दोघांना वाऱ्याआडच्या खोल वाटा ठाऊक होत्या. त्यांनी गफूरला आपल्या होडीत घेतले, बदरुद्दीनभाईंना शेजारी बसवले आणि काठावर आणले. तंबूपाशी उभ्या असलेल्या लॉरीने जखमीला बसऱ्याच्या इस्पितळात नेले. म्हातारा सोबत आला. त्याला कोणी बोलावले नव्हते.

गफूरला आत नेले आणि दारे बंद झाली. बदरुद्दीनभाई भिंतीशी टेकून होते, चिखल अंगावर वाळत होता. झुलेखाला तोंड कसे दाखवावे हा एकच विचार त्यांच्या मनात फिरत होता. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले.

"जगेल. पाय आखडेल थोडा, पण पाय राहील."

बदरुद्दीनभाईंनी काब्याची दिशा विचारली आणि तिथेच फरशीवर शुक्राचा, म्हणजे आभाराचा, सजदा केला. कपाळ टेकले ते टेकलेच. वेळ गेला, उठेनात. येणारेजाणारे वळसा घालून जाऊ लागले. एका रखवालदाराने दुसऱ्याला हलक्या आवाजात म्हटले, "असा सजदा पाहिला नव्हता रे. केवढी श्रद्धा!"

म्हातारा मात्र खाली वाकला. त्याला फरशीलगत क्षीण आवाज आला.

"बाबा, हात द्या जरा. गुडघे उचलत नाहीत."

म्हाताऱ्याने त्यांना उठवून भिंतीशी बसवले, त्यांचे चिरलेले तळवे आपल्या मांडीवर घेतले आणि कमरेच्या पात्याच्या टोकाने एकेक कुसळ काढायला सुरुवात केली. बदरुद्दीनभाई ओशाळून पाय मागे घेऊ लागले.

"हलू नकोस," म्हातारा म्हणाला. "माझ्या सरोवराचे काटे आहेत. मलाच काढू दे."