लसणाचा वास आणि डॅशबोर्डवरची उदबत्ती

घडलं ते लगेच लिहून टाकतेय.

दादाचं लालबागला वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. आज शिवडीला काम होतं आणि टेम्पोवाला आलाच नाही. म्हणून वेल्डिंगच्या गॅसचा सिलिंडर गोधडीत गुंडाळून माझ्या छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवा टाकला. "दहा मिनिटांचा तर रस्ता आहे," दादा म्हणाला. निघताना नेहमीसारखी त्याने डॅशबोर्डवरच्या गणपतीला उदबत्ती लावली. काचा बंद, एसी चालू.

लसणाचा वास आला. लालबागमधल्या मसाल्याच्या दुकानांचा असेल, असं वाटलं. पण लालबाग मागे पडलं तरी वास वाढतच होता.

"दादा, तुझ्या गॅसला वास कसला असतो रे?"

त्याने मागे वळून सिलिंडरकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "लसणासारखा."

दोघांचीही नजर उदबत्तीवर गेली. मी गाडी थांबवली, उदबत्ती चिमटीत विझवली आणि आम्ही दारं उघडी टाकून पळत सुटलो.

आता बोटांना फोड आलेत. दादा सगळ्यांना सांगतोय, "बाप्पाने वाचवलं, दुसरं काय!"

सिलिंडरपेक्षा मला आता या वाक्याची जास्त भीती वाटतेय. तुमच्या घरात कोण म्हणतं असं?