आतोबांचं एकच नाटक

नाटकं पाहणारे मी पुष्कळ पाहिले, करणारेही पाहिले. पण एकच नाटक जन्मभर चघळूनही ज्याचा रस आटला नाही असा माणूस एकच: माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. मुरबाडकडे सिद्धगडाच्या अंगाला त्यांची भातशेती होती. तरुणपणी शहापूरला तंबूत त्यांनी एक जुनं संगीत नाटक पाहिलं आणि ते अख्खं पाठ करून टाकलं. नुसतं पाठ असतं तर ठीक. पण कसाऱ्याला घाट चढायला गाडीमागं दुसरं इंजिन लावतात, तसा आतोबा प्रत्येक वाक्यामागं ‘का?’ लावीत. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून बायामाणसांना विचारीत, “राजा ‘दिवा लाव’ म्हणत नाही, ‘दिवा राहू दे’ म्हणतो. का?” माणसं रोपं लावीत मागं मागं सरकत, आतोबा तिथंच. पंगतीत त्यांच्या शेजारी बसलेला पाहुणा जिलबी टाकून उठलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. आत्या म्हणायची, “या नाटकापेक्षा सवत परवडली असती. तिनं निदान भांडी तरी घासली असती!”

एका वर्षी गावच्या जत्रेत तेच नाटक बसवायचं ठरलं. तालीम अर्थातच आतोबांकडे. पोरं आतोबांना विनवायची, “तात्या, दुसरा अंक कधी घ्यायचा?” आतोबा म्हणायचे, “आधी हे वाक्य तर उमगू दे!” जत्रा आली तेव्हा पहिलाच अंक तयार होता. तो झकास झाला, पडदा पडला आणि आत नटमंडळी एकमेकांची तोंडं बघत बसली. शहापूरपासून माणसं आली होती. आतोबांचा चेहरा उतरला. पण ते तसेच धोतर सावरत पडद्यापुढं गेले. “मंडळी, पुढचं बसलेलं नाही. चूक माझी. पण मला पाठ आहे.”

मग राजाही तेच, राणीही तेच. सासरच्यांनी हाकललेली राणी निघताना उंबऱ्यात उभी, दासी पाणी आणते आणि राणी म्हणते, “मला तहान नाही.” इथं आतोबांची जुनी खोड उफाळली. “का?”

“मानी हाय ती!” कुणी ओरडलं. “राग आलाय!” दुसरा म्हणाला.

बायकांच्या बाजूनं आत्या उठली. “अवो, तहान लागलीच हाय तिला. पन पानी प्याली तर बसावं लागंल, न् बसली तर तिचा पाय निघनार नाय.”

आतोबा पुढं आले. “इतकी वर्षं घरात असून हे बोलली का नाहीस?”

“तुमी साऱ्या गावाला इचारलंत. मला इचारलंत कधी?”

तेव्हा उठलेला हशा दुसऱ्या गावालाही ऐकू गेला असेल. त्यानंतर दोघं चुलीपुढं बसून नाटकावर भांडू लागले आणि त्या घरात करपलेला भात नित्याचा झाला. मी तोही आनंदानं खाल्लाय.

आतोबा गेल्यावर काही महिन्यांनी मी आत्याकडे गेलो. ती ओटीवर तांदूळ निवडत होती. मीही शेजारी बसून खडे वेचू लागलो. तीच म्हणाली, “शेवटाला राजा दार उघडंच टाकून जातो. का रे?”

“घाईत विसरला असेल,” मी म्हणालो.

आत्या खुदकन हसली. मग सुपावरचा हात थांबवून म्हणाली, “चुकलास. पन आनखी सांग कायतरी.”