झोपलेल्या पहारेकऱ्याची किल्ली

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा वासुकीनं परसात नवऱ्याचं नि थोरल्या दिराचं भांडण ऐकलं. सेतुरामराव सरकारी गोदाम सांभाळत, आणि दिराला भिंतीसाठी दोन पोती सिमेंट हवं होतं.

"गोदाम काय माझ्या बापाचं आहे?"

"बापाचं असतं तर तुला कशाला विचारलं असतं? सरकारचं आहे म्हणून म्हणतो, घे!"

सिमेंट काही आलं नाही. वासुकीला नवऱ्याचा फार अभिमान वाटला. पुढं जन्मभर त्या अभिमानाशी संसार करावा लागला, ते वेगळं.

असा माणूस म्हातारपणी खेळात गुंतेल, हे तिला कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. मुलगा गुरुराज मद्रासला नोकरीला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर तंजावरातच राहिला. त्यात एक चित्रातला खेळ. निळ्या कोटाचा एक रिकामटेकडा माणूस गावभर हिंडतो. बाण टेकवून माउस दाबला की तिथं जातो, दिसेल ते उचलून खिशात घालतो. त्या खिशात दोर, कंदील, अख्खं बदकसुद्धा मावतं! कशाला काय लावलं की काय उघडतं, एवढीच त्यातली अक्कल.

खेळातल्या विहिरीची बादली वर आली त्या दिवशी रावांनी स्वयंपाकघरात येऊन दोनदा कॉफी मागितली. पोराला पहिला नंबर मिळाला तेव्हासुद्धा एकदाच मागितली होती.

मग लागला किल्ल्याचा दरवाजा. त्याला कंगवा लावून झाला, दोर लावून झाला, बदक लावून झालं. दर वेळी तो निळा कोट मान हलवी आणि इंग्रजीत तेच सांगे, हे जमायचं नाही. आठवडेच्या आठवडे!

"अहो, तो पहारेकरी घोरतोय ना, त्याच्या कमरेला किल्ली दिसतेय की," वासुकी तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

"दिसतेय. विचारल्याशिवाय कशी घेऊ? उठू दे त्याला."

"चित्रातला माणूस उठतो होय?"

"तू गप्प बैस."

आणि रोज दुपारी राव खुर्चीत बसून तो उठायची वाट बघत. कधी त्यांचाच डोळा लागे. मग दोघं समोरासमोर घोरत.

तेवढ्यात गुरुराजचा फोन आला. त्याला खोली मिळाली होती, कॉम्प्युटर सोमवारी पाठवा म्हणाला. रावांची अन्नावरची वासना उडाली. "आत काय आहे तेवढं बघायला मिळालं असतं," एवढंच म्हणाले.

रविवारी ते अंघोळीला गेले आणि वासुकी खुर्चीत बसली. बाण पहारेकऱ्याच्या कमरेशी नेऊन माउस दाबला. किल्ली आली. दार उघडलं.

राव ओल्या अंगानं दाराशी उभे.

"मी घेतली. पाप माझ्या माथी," ती म्हणाली. "या, बघा."

"परत ठेव."

"ठेवता येत नाही हो, मेलं!"

त्यांनी तोंड फिरवलं आणि बटण बंद केलं. आत काय होतं ते वासुकीनं तेवढ्यात बघून घेतलं होतं. आणखी एक खोली, तिला आणखी एक दार. एवढ्यासाठी जीव टाकत होता माणूस! सांगावंसं वाटलं. त्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

सोमवारी रावांनी कॉम्प्युटर नेसायच्या जुन्या वेष्टीत गुंडाळला, काथ्यानं दुहेरी गाठी मारल्या, दोन बाजूंना मुलाचं नाव घातलं. ऑटोवाल्याशी हुज्जत घालून पार्सल ऑफिसात गेले. त्यानंतर ते अंथरुणाला खिळले ते उठलेच नाहीत. म्हणजे बाहेरचं शेवटचं काम हेच. त्या दिवशी येताना वांगी आणली. नेहमीप्रमाणे निम्मी किडकी.